नऊत चार

प्रिय टिल्लू,

फोन करायचा सोडून ताईनं माणसाच्या हाती पत्र कशाला धाडलं, असं तुला वाटेल. भावजयबाईंना म्हणशीलही, की हॉस्पिटलात आकडे मोजून मोजून हिचं डोकं फिरलंय. म्हण बापडा. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. माझा आवाज जरा खाली गेला की तुला हमखास काहीतरी गंमत सुचते, मग मीही हसते, आणि सांगायचं ते तसंच राहतं. कागदाच्या मधे तुला तोंड घालता येणार नाही, म्हणून कागद. एकच कर. हे घरी बसून वाच, कामावर नेऊ नकोस, आणि शेवटपर्यंत वाचल्याशिवाय मला फोन करू नकोस.

बाबा बरे आहेत. गॅलरीच्या दाराशी त्यांची खुर्ची, तिथे ऊन येतं तोवर तिथे. ऊन सरकलं की आपले आपण खुर्ची सरकवतात आणि एकदाही ती दाराला आपटत नाहीत. तू फोन ठेवलास की त्यांचा ठरलेला प्रश्न असतो: आता किती वर बसतो तो? मी म्हणते, तिसाव्या मजल्याच्या वर. मग ते हसतात. आपल्या आळीतलं सगळ्यात बुटकं पोर म्हणून तुझं नाव टिल्लू पडलं, आणि आता अख्ख्या शहरात तुझ्याहून उंच कुणी बसत नाही, ह्याचा त्यांना अजून अचंबा वाटतो. तू चालवतोस तसली क्रेन त्यांनी कधी पाहिली नाही. ती आपल्या गावात आली तोवर त्यांचे डोळे गेलेले होते. मी त्यांना काड्यापेटीच्या काड्या मांडून तिचा आकार समजावला होता, तो त्यांनी बोटांनी चाचपून पाहिला आणि म्हणाले, म्हणजे एका बाजूला माल, दुसऱ्या बाजूला वजन, आणि मधे आपला टिल्लू.

माझ्या कामाचं तुला कधी नीट सांगितलं नाही, आणि तूही विचारलं नाहीस. 'ताई डोळ्यांच्या दवाखान्यात हिशेब करते' एवढ्यावर तुझं भागतं. खरं तर मी संशोधन विभागात संख्याशास्त्राचं काम करते, आणि गेली दोन वर्षं आमच्या मोठ्या डॉक्टरांबरोबर, त्यांना सगळे मॅडम म्हणतात, मी आपल्यासारख्याच घरांवर काम करते आहे. बाबांना झालं तेच ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय अशी घरं. आधी अंधारात दिसेनासं होतं, मग कडेचं दिसणं आत आत आक्रसत जातं, आणि मधलं, अगदी समोरचं, सगळ्यात शेवटी विझतं. बाबांचं रक्त दोनदा तपासायला पाठवलं होतं ना, प्रयोगशाळेला ठाऊक असलेल्या दोषांत त्यांचा सापडला नाही. आपल्यासारखी पुष्कळ घरं आहेत. रक्त काही सांगत नाही, म्हणून आम्ही वयं गोळा केली. कुणाला कितव्या वर्षी सुरू झालं, त्याच्या भावाला कितव्या, बहिणीला कितव्या.

तुला समजेल असं सांगते, बाबांनाही असंच सांगितलं होतं. कंटाळू नकोस, ह्याच्यावाचून पुढचं कळणार नाही. एक मोठा स्लॅब डोळ्यांसमोर आण. त्याच्या एका कडेनं मोठ्या भावंडाचं वय मांडलंय, विशीपासून सत्तरीपर्यंत. दुसऱ्या कडेनं धाकट्याचं. भावंडांची एकेक जोडी म्हणजे एकेक घमेलं वाळू. मोठ्याला तिसाव्या वर्षी सुरू झालं आणि धाकट्याला पस्तिसाव्या, की ते घमेलं तीस आणि पस्तीस जिथे भेटतात तिथे ओतायचं. अशी सगळी घमेली ओतून झाली की स्लॅबवर वाळूचा एक डोंगर उभा राहतो. कुठे उंच, कुठे नुसता थर. त्या डोंगराला आम्ही संयुक्त वितरण म्हणतो. दोन माणसांचं नशीब एकाच ढिगात.

आता समज, मला मोठ्या भावंडाबद्दल काहीच ठाऊक नाही, फक्त धाकट्याचं हवं आहे. मग मी लांब फळी घेते आणि सगळी वाळू सरळ रेषेत ढकलत धाकट्याच्या कडेच्या भिंतीला नेऊन लावते. भिंतीशी जो ढीग होईल तो एकट्या धाकट्याचा. त्याला सीमांत घनता म्हणतात. ह्या ढिगात कोण कुणाचा भाऊ ते पुसलं जातं. ढीग पसरट निघतो, पण त्याचा मोठा भाग तिशीत असतो आणि चाळिशी ओलांडली की तो झपाट्यानं उतरतो. हा दोष ज्यांच्यात असतो अशा चारांपैकी तिघांना बेचाळिशीच्या आतच सुरू झालेलं असतं.

तुझ्या गेल्या, बेचाळिसाव्या वाढदिवसाला मी तुला फोनवर म्हटलं होतं, टिल्लू, आता तू जवळजवळ सुटलास. ते ह्या ढिगावरून म्हटलं होतं. बाबांचा दोष आपल्याकडे येणं म्हणजे नाणेफेक. तुझ्यासारखी आठ माणसं घे. चौघांकडे दोष आला, चौघांकडे नाही. ज्या चौघांकडे आला त्यांतल्या तिघांचं बेचाळिशीपर्यंत उघड झालं असतं. तुझं झालेलं नाही, म्हणजे ते तिघं तू नव्हेस. उरले पाच, आणि त्यांत दोष असलेला एकच. पाचात एक. तू म्हणालास, ताई, माझ्या डोळ्यांपुढे घार लाजेल, तुझा एक कुठला घेऊन बसलीस. आणि माझं वय तुझ्याहून जास्त, म्हणून माझा आकडा तर आणखी लहान होता. त्या दिवशी मी फोन ठेवून बाबांच्या खुर्चीशी जमिनीवर बसले होते आणि मला इतकं हलकं वाटलं होतं, की बाबांनी विचारलं, गातेस कशाला? मी गात होते हे माझ्या ध्यानातही नव्हतं. ते गणित चुकलेलं नव्हतं. तेव्हा जेवढं ठाऊक होतं तेवढ्यावर ते बरोबरच होतं.

त्यानंतर काही महिन्यांनी बाबा एकदा जेवता जेवता म्हणाले, तू भिंतीला हात लावून चालायला लागलीस. मी म्हटलं, काहीतरीच. ते म्हणाले, स्वयंपाकघरातून येताना तुझा तळवा भिंतीवरून घासत येतो, आधी येत नव्हता. मी हसले. दमते हो बाबा, वय होतंय, म्हटलं. त्यांचा घास हातातच राहिला. त्यांचं तोंड माझ्याकडे होतं, आणि आंधळ्या माणसाचं तोंड आपल्याकडे वळलेलं असलं की किती उघडं पडल्यासारखं वाटतं, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. दुसऱ्या दिवसापासून मी मुद्दाम हात मागे बांधून चालू लागले. दाराच्या चौकटीला खांदा लागला, तर चौकट अरुंद आहे म्हणून सोडून दिलं. टेबलाच्या कोपऱ्यानं मांडी काळीनिळी झाली, तर टेबल सरकलं असेल म्हटलं. बघ, मी दिवसभर लोकांच्या ह्याच खुणांचे तक्ते करते.

मग गेल्या महिन्यात दवाखान्यात नजरेची कड मोजायचं नवं यंत्र आलं. पांढऱ्या मोठ्या वाडग्यात तोंड घालायचं, हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं, आणि आजूबाजूला कुठेही बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. यंत्राला निरोगी माणसांची मापं हवी होती, म्हणून कर्मचाऱ्यांना एकेक करून बसवत होते; माझी पाळी गेल्या आठवड्यात आली. तपासणाऱ्या बाई माझ्या मैत्रिणीसारख्याच, तोंडाचा पट्टा चालू असतो. माझा डावा डोळा सुरू केला तेव्हा त्या सुनेबद्दल काहीतरी सांगत होत्या. मी आरामात बटण दाबत होते. उजेड दिसला की दाबायचं, दिसला की दाबायचं, मधेच बराच वेळ एकही दिसला नाही, तर वाटलं यंत्र जरा विसावा देतंय. पण बाईंचं बोलणं थांबलं होतं. सून अर्ध्यावरच राहिली. मग त्या म्हणाल्या, यंत्र नवीन आहे हो, अजून बसलं नाही नीट, एकदा परत करू या का? परत केलं. मग म्हणाल्या, जुन्यावर करून बघू. जुन्या यंत्राच्या खोलीपर्यंत त्यांनी माझा दंड धरून नेलं. रोज त्याच बोळातून मी एकटी फायली घेऊन पळत असते.

टिल्लू, मला वाटायचं की कडेचं दिसेनासं झालं म्हणजे कडेला काळं दिसत असेल. तसं नसतं रे. काळं काहीच दिसत नाही. जग पूर्ण दिसतं, कुठेही भोक नाही, कुठेही सावली नाही. जे नाही ते नाही, आणि ते नाही हेही कळत नाही. मी कितीतरी उजेडांना बटण दाबलं नव्हतं आणि मला ठामपणे वाटत होतं की मी एकही चुकवला नाही. मॅडमनी कागद समोर धरला, त्यावर दोन्ही डोळ्यांच्या भोवती राखाडी कडं होतं, तुटक तुटक, पण होतं. त्यांनी कागद खाली ठेवला आणि म्हणाल्या, तुला मी काय समजावू. मी म्हटलं, मधलं किती वर्षं राहील? त्या म्हणाल्या, पुष्कळ. मग म्हणाल्या, तुझा एक भाऊ आहे ना?

मी तो कागद घडी करून पर्समध्ये टाकला. घरी आले.

बाबांना सांगायचं नाही असं ठरवून आले होते. त्यांनी माझी चप्पल काढण्यावरूनच ओळखलं असावं. म्हणाले, सांग. मी सांगितलं. ते रडले नाहीत, मला जवळही घेतलं नाही. गुडघ्यांवर हात ठेवले आणि आईबद्दल बोलायला लागले. आईच्या उजव्या हाताची दोन बोटं तुला आठवतात, म्हणजे नसलेली. तू सहा वर्षांचा होतास, मी दहाची. आपल्याला काय सांगितलं होतं? बाबा विजेच्या करवतीवर फळी ढकलत होते, पलीकडून आई ओढून घेत होती, तिचं लक्ष गेलं रस्त्यावर आणि हात पात्याशी आला. आईनं स्वतः किती वेळा सांगितलं असेल हे. माझंच लक्ष नव्हतं, ह्यांचा काय दोष. पाहुण्यांना सांगायची, डॉक्टरांना सांगायची, तीन बोटांनी माझी वेणी घालताना मला सांगायची.

बाबा म्हणाले, तिचं लक्ष होतं. फळी गाठीवर अडकली म्हणून ती सोडवायला तिनं हात बाजूनं पुढे घेतला होता, आणि 'थांबा' म्हणून ओरडलीही होती. करवतीच्या आवाजात ऐकू आलं नाही. दुसऱ्या कुणालाही तो हात दिसला असता. मला फळी दिसत होती, पातं दिसत होतं, पात्यापुढची रेघ दिसत होती, तिचा हात नव्हता. मी विचारलं, तुम्हाला तेव्हा डोळ्यांचं ठाऊक होतं? म्हणाले, दोन वर्षं. दोन वर्षं ठाऊक होतं. तोंड उघडलं असतं तर करवत बंद झाली असती, आणि दुसरं काही मला येत नव्हतं. रोज सकाळी वाटायचं, आजचा दिवस काढू, अजून तर समोरचं स्वच्छ दिसतंय. मी म्हटलं, आईला? तर म्हणाले, तिला त्याच दिवशी कळलं. दवाखान्यात जाताना गाडीत तिनं माझ्या तोंडाच्या बाजूला हात हलवून पाहिला, फडकं गुंडाळलेला. मी वळलो नाही. त्यानंतर जाईपर्यंत तिनं मला एका शब्दानं विचारलं नाही. मग म्हणाले, टिल्लूला सांग. लगेच सांग. माझ्यासारखं आजचा दिवस काढू नकोस.

मी विचारलं, बाबा, माझ्या डोळ्यांचं त्याला सांगून काय होणार आहे? मला उत्तर ठाऊक होतं. तरी विचारलं. ते म्हणाले, ते तुझ्या वाळूला विचार.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं. दार लावून घेतलं आणि तो डोंगर पडद्यावर उघडला. मी तुला फळीनं ढकलून केलेल्या ढिगाचं सांगितलं. तो मोठ्या भावंडाचं काहीच ठाऊक नसताना. पण ठाऊक असेल तर? मोठ्या बहिणीला पंचेचाळीस-सेहेचाळीसच्या सुमारास सुरू झालं, एवढं कळलं असेल तर? मग वाळू ढकलायची नाही. मोठ्याच्या कडेवर सेहेचाळीसशी उभं राहायचं आणि डोंगरात दोन पत्रे उभे खुपसायचे, अगदी जवळ जवळ. त्यांच्यामधली वाळू ठेवायची, बाकीचा सगळा डोंगर फेकून द्यायचा. बाकीची माणसं आता आपली नव्हेत. मधे उरते ती वाळूची पातळ भिंत. वाळू थोडीच असते, म्हणून तिच्या प्रत्येक जागेला त्या कापातल्या एकूण वाळूनं भागायचं, म्हणजे तेवढीच वाळू पूर्ण एक धरली जाते. ही सशर्त घनता. एकाचं कळल्यावर दुसऱ्याचं काय. आमच्या नोंदींत आईबापांची वयं मुलांना फारशी ओढत नाहीत, बाबांचं तेहतीस म्हणून आपलंही तेहतीस असं काही नाही. पण भावंडं भावंडांना ओढतात. आम्हाला हे वर्षापूर्वीच दिसलं होतं आणि मला त्याचा आनंद झाला होता, कारण तक्ता फार सुरेख आला होता.

तो काप मी पाहिला. पसरट ढीग नव्हता तिथे. तिशीत नुसता पातळ थर. बाकीची वाळू सगळी चाळिशीनंतर, आणि तिचा उंचवटा बेचाळीस ते पन्नासच्या मधे. मॅडम आत आल्या, माझ्या मागे उभ्या राहिल्या आणि सवयीनं विचारलं, ही कुठली जोडी? मी म्हटलं, आमची. त्यांनी खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी बसून राहिल्या.

आता तुझी आठ माणसं पुरत नाहीत, दहा घे. पाच जणांकडे दोष आला, पाच जणांकडे नाही. माझ्या डोळ्यांमुळे त्या नाण्याचं काही बदललं नाही, ते निम्मं होतं, निम्मंच आहे. पण ज्या पाचांकडे आला, त्यांतल्या एकाचंच बेचाळिशीपर्यंत उघड झालं असतं. एकच गळतो. उरले नऊ, आणि त्यांत दोष असलेले चार. पाचात एक नाही, नऊत चार. तुझे डोळे कालच्यासारखेच आहेत, तू काही केलेलं नाहीस, तुला काही झालेलं नाही. आपल्या घरात हे उशिरा येतं एवढंच मला कळलं, आणि चाळिशी ओलांडण्याला जी किंमत होती ती गेली.

परवा दुपारी मी तुझ्या कामावर आले होते. तुला ठाऊक नाही. समोरासमोर सांगावं म्हणून आले, आणि पत्र्याच्या कुंपणाशी, जिथून आत दिसतं तिथे, उभी राहिले. तू वर होतास. काचेची खोली दिसत होती, आत तू आहेस एवढंच कळत होतं. तू सळयांचा गठ्ठा उचललास. खाली माणसं होती, डोक्यावर पिवळ्या टोप्या, कुणी विडी ओढत होतं, कुणी वाकून तार बांधत होतं, कुणीही वर बघत नव्हतं. इशारा देणारा तुझा माणूस हात हलवत होता. गठ्ठा सरळ आला, मग डावीकडे फिरायला लागला आणि त्याचं शेपूट अर्धवट भिंतीकडे निघालं. त्यानं शिट्टी वाजवली. गठ्ठा फिरतच राहिला. त्यानं परत वाजवली, लांब, आणि मग तू थांबवलास. तार बांधणाऱ्यांपैकी एक जण एव्हाना मागे सरकला होता. तू गठ्ठा इतका हळू ठेवलास, की खाली धूळही उडाली नाही. सगळे पुन्हा कामाला लागले. मी कुंपणाचा पत्रा धरला होता तो सोडता येईना.

वारा असेल. पहिली शिट्टी तुला ऐकूच आली नसेल. एका नोंदीवरून काही ठरत नाही, हे मी नव्या पोरींना रोज शिकवते. तरी मला तेव्हापासून डोळे मिटले की तो गठ्ठा डावीकडे जाताना दिसतो. वर येऊन तुला सांगायचं धैर्य झालं नाही, आणि फाटकावरच्या माणसानं कुणाला भेटायचंय विचारलं तेव्हा, चुकून आले, म्हटलं.

तू म्हणशील, दरवर्षी माझी डोळ्यांची तपासणी होते. होते, पण ते तुला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतात, रंग विचारतात. ते मधलं दिसणं आहे. आपल्या घरात ते शेवटपर्यंत टिकतं. बाबांनीही ती अक्षरं वाचली असती, आईचा हात पात्याखाली गेला त्या दिवशी सकाळीसुद्धा. मीही आज वाचते.

म्हणून हे पत्र लिहिलं, टिल्लू. माझ्या डोळ्यांसाठी नाही. त्यांचं मी बघून घेईन. सोमवारी तुमच्याकडे ते मोठे तयार खांब चढवायचे आहेत, तू फोनवर किती खुशीत सांगत होतास. सोमवारी वर चढू नकोस. मंगळवारी सकाळी मॅडमनी तुझी वेळ ठेवली आहे, त्याच यंत्रावर. बाबा, मी आणि तू एकदम जाऊ, त्यांनी स्वतःच येतो म्हटलंय. तुझ्या साहेबांचा नंबर माझ्याकडे आहे. मी त्यांना फोन केलेला नाही, ते तूच सांगायचंस, मग भले ते चिडोत, पगार कापोत. तू सांगितलं नाहीस तर मी करीन, आणि तू मला जन्मभर माफ केलं नाहीस तरी करीन, एवढं आज ठरवून बसले आहे. मला कशाची भीती वाटते सांगू? तू हसून म्हणशील, ताई, नऊत चार म्हणजे पाच माझ्या बाजूचे, आणि पाच मोठे. मोठे आहेत रे. मलाही ते पाचच हवेत, मंगळवारी यंत्रावर तू प्रत्येक उजेडाला बटण दाबलंस तर मी त्या बोळात मोठ्यानं गाईन, आणि नंतर तुझ्या लेकीला, चिमणीला, मांडीवर घेऊन तिच्या डोळ्यांकडे न घाबरता बघेन. पण खाली जे वाकून तार बांधतात त्यांना कुणी हे आकडे सांगितलेले नाहीत. ते वर बघतही नाहीत, कारण वर तू आहेस. वाचून झालं असेल तर आता फोन कर. मी फोनाशीच बसले आहे, बाबाही इथेच आहेत.

तुझीच, फार घाबरलेली,
ताई